तीन टप्पे, दोन माणसं

२०२४ च्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा होतो. पुढ्यातल्या गुळाच्या पोळीवर तूप पडत होतं आणि मन प्रसन्न होतं. तेवढ्यात एक मित्र म्हणाला, "आम्ही तिघं यंदा शिकागो ट्रायथलॉनची रिले करतोय. तुम्ही नवरा-बायको का नाही करत?" मी "करू की!" म्हणून मोकळा झालो. गुळाची पोळी समोर असताना माणसाने कुणालाही शब्द देऊ नये, हे ज्ञान मला नंतर झालं.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि पळणं, एकामागून एक, मध्ये घड्याळ न थांबवता. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला २००० साली, सिडनीला. त्याची अंतरं १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं. शिकागोची स्पर्धा १९८३ पासून होते आहे. ऑगस्टच्या शेवटी मनरो हार्बरच्या पाण्यात उतरायचं, मग लेक शोअर ड्राइव्हवर सायकल हाणायची आणि शेवटी सरोवराच्या काठाने पळायचं. रिलेमध्ये हे टप्पे संघातली माणसं वाटून घेतात. बॅटन नसतो. वेळ मोजणारी चिप वेलक्रोच्या पट्टीने घोट्याला बांधलेली असते. आपला टप्पा झाला की ती आपल्या पायातून काढून पुढच्याच्या पायात बांधायची.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती उत्साहाने 'हो' म्हणाली आणि लगेच तिने गणित मांडलं, "टप्पे तीन आणि माणसं दोन. दोन टप्पे कोण करणार?"

"मी," मी मोठ्या मनाने म्हणालो. "तू फक्त पोह. सायकल आणि पळणं माझ्याकडे."

ती म्हणाली, "बरं." अठरा वर्षांच्या संसारानंतर या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

मी पडलो आयटीतला माणूस. दुसऱ्याच दिवशी मी एक्सेलमध्ये दोघांच्या सरावाचं वेळापत्रक केलं. तिचे रकाने गुलाबी, माझे निळे. तिने वायएमसीएच्या तलावात किती फेऱ्या मारायच्या, किती मिनिटांत मारायच्या, आठवड्याला किती प्रगती व्हायला हवी, सगळं सूत्रात बसवलं. एखाद्या दिवशी रकाना रिकामा दिसला की मी विचारायचो, "आज गेली नाहीस?" तिसऱ्या आठवड्यात तिने शांतपणे विचारलं, "अरे, माझ्या वाटणीची शर्यत तुझी आहे की माझी?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. अमेरिकेत येऊन गेलेलं आपलं सगळ्यात प्रसिद्ध मराठी जोडपं आठवा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीने इथे आल्या, गोपाळराव मागे राहिले. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. बायकोने शिकावं म्हणून त्या काळात सगळ्या समाजाशी भांडणारा नवरा थोरच म्हणायचा. पण त्याच गोपाळरावांचा हट्ट, त्यांचा धाक, त्यांचे बोचरे शब्द हेही आपण वाचलेलं आहे. साथ देणं कुठे संपतं आणि ढकलणं कुठे सुरू होतं, ही रेषा फार पुसट आहे. ढकलणाऱ्याला तर ती दिसतच नाही, कारण त्याच्या मते तो मदतच करत असतो. माझं एक्सेल मी त्या रात्री बंद केलं. गोपाळरावांशी माझी बरोबरी नाही, पण गुलाबी रकाने मला खटकायला लागले होते.

जून संपता संपता माझा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालेल, पळणं तीन महिने बंद. मी जाहीर केलं की आता स्पर्धा रद्द. बायको म्हणाली, "रद्द कशाला? पोहणं मी करतेच आहे, पळणंही मीच करते. तू सायकल चालव. पोहून झालं की तू परत येईपर्यंत मला तासाभराहून जास्त दम खायला मिळेल." नियम विचारले. चालत होतं.

माझ्याकडे दोन टप्पे होते तेव्हा मला जे औदार्य वाटत होतं, ते तिच्याकडे गेल्यावर मला ओशाळवाणं का वाटावं? मंडळातल्या मित्रांना सांगताना मी गुडघ्याचा एमआरआय पुन:पुन्हा का काढत होतो? तेव्हा लक्षात आलं की माझ्या मनात पहिल्यापासून एक न लिहिलेला नियम होता. दोनातला मोठा वाटा माझा आणि म्हणून मोठेपणही माझं.

मग साहजिकच मागची वर्षं आठवली. आमचं लग्न २००६ सालचं. मी मास्टर्स करून एच-१बी वर नोकरी करत होतो. ही पुण्याची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलेली. एच-४ वर आली आणि नोकरी करायला कायद्याने बंदी. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक ठिकाणी पोचलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. म्हणजे नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत मी कन्सल्टंट म्हणून सोमवारी पहाटे ओ'हेअरहून उडायचो आणि गुरुवारी रात्री परतायचो. दोन मुलं झाली, ती मोठी झाली, त्यांचे ताप, शाळा, पोहण्याचे क्लास, भारतातून आलेल्या आई-बाबांची औषधं, सगळं सोमवार ते गुरुवारमध्ये व्हायचं. मी लोकांना सांगायचो, "सध्या ती ब्रेकवर आहे."

ब्रेक! २०१५ सालीच नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ३००० मैल, नऊ दिवसांच्या आत. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत. गाडीतला भाऊ 'ब्रेकवर' होता असं कुणी म्हणेल का? तो शर्यतीतच होता. घड्याळ दोघांचं एकच होतं. पण गाडीतल्या भावाची पाळी पुन्हा येणार हे ठरलेलं होतं. माझ्या बायकोची पाळी कधी येणार, हे नऊ वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

आता खरा प्रश्न. हा कायदा मी केला नव्हता. मग त्याबद्दल माझ्याकडे काही देणं लागतं का? बरीच वर्षं माझं उत्तर 'नाही' असं होतं. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर त्या बंदीचा फायदा मला मिळाला. घरी कुणीतरी कायम आहे, या भरवशावरच मी प्रत्येक प्रोजेक्टला 'हो' म्हणू शकलो. बढत्या माझ्या नावावर जमा झाल्या. अन्याय आपण केला नसला तरी त्याचं व्याज आपल्या खात्यात पडत असेल, तर 'मी काय केलं?' एवढं म्हणून सुटता येत नाही.

मग समान वाटणी करायची का? आमच्या पिढीतली बरीच जोडपी तसा प्रयत्न करतात. भांडी तुझी, कपडे माझे. ते चांगलंच आहे. पण आयुष्याचे टप्पे बहुधा तीन असतात आणि माणसं दोन. बरोब्बर निम्मं होत नाही. कुणाच्या तरी वाट्याला जास्त येतंच. कधी व्हिसामुळे, कधी बाळंतपणामुळे, कधी गुडघ्यामुळे.

मग "नवरा-बायकोत कसला हिशोब?" असं म्हणायचं का? हे वाक्य फार गोड आहे आणि मीही ते अनेकदा वापरलं आहे. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. हे वाक्य बहुतेक वेळा ऋणको म्हणतो. ज्याचं येणं आहे त्याने म्हटलं तर ते औदार्य असतं, ज्याचं देणं आहे त्याने म्हटलं तर ती सोय असते. शब्द तेच, पण नैतिक वजन अगदी वेगळं. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणं सांगितली आहेत. जोडीदाराचं ऋण त्या यादीत नाही.

आयर्नमॅन या प्रसिद्ध स्पर्धेची गोष्टही या बाबतीत बोलकी आहे. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईत ती पहिल्यांदा झाली. १५ जण सुरुवातीला उभे राहिले, १२ जणांनी पूर्ण केली. ती सुरू केली जॉन आणि जूडी कॉलिन्स या जोडप्याने. १९७४ मध्ये सॅन डिएगोच्या मिशन बे इथल्या ट्रायथलॉनमध्ये दोघंही उतरले होते, तिथून हे वेड लागलं. पण गोष्ट सांगताना अनेक ठिकाणी नौदलातले जॉन कॉलिन्स तेवढे येतात, जूडी येतच नाहीत. लबाडी कुणी करत नसेल, पण सांगणाऱ्याच्या सवयीमुळे नावं गळतात. 'ब्रेक' हा शब्द वापरताना मी दुसरं काय करत होतो?

हे सगळं मी एका रात्री बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं तिला भरून येईल. ती म्हणाली, "हे बघ, मला बिचारी करू नकोस. त्या नऊ वर्षांत मला राग आला, रडू आलं, सगळं खरं. पण मुलं मी वाढवली, मराठी शाळेत शिकवलं, चाळिशीला टेकताना पोहायला शिकले. ती वर्षं माझी आहेत, तुझी उधारी नव्हे." मी गप्प बसलो. तिला असं म्हणायचा अधिकार आहे. मला नाही. इतकाच त्या रात्रीचा निष्कर्ष.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे अंधारात आम्ही पोचलो. ती वेटसूट चढवून पाण्याकडे गेली आणि मी सायकलींच्या रांगांमध्ये माझ्या सायकलीशी उभा राहिलो. वाट बघण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. पाण्यात शेकडो टोप्या, त्यात आपलं माणूस कुठलं ते दिसत नाही, हाक मारून उपयोग नाही, मदत करता येत नाही. चाळीस मिनिटं फार मोठी असतात हो! ओ'हेअरहून माझं विमान उडाल्यावर घरी राहिलेल्या माणसाला काय वाटत असेल, याची थोडीशी चव तिथे मिळाली.

ती धापा टाकत आली. दमाने तिला वाकवेना. मी खाली बसलो, तिच्या घोट्यावरची पट्टी ओढून काढली, माझ्या पायात बांधली आणि निघालो. लेक शोअर ड्राइव्हवर वारा समोरून होता. ४० किलोमीटर करून परतलो तेव्हा गुडघा ठणकत होता. या वेळी ती खाली बसली, माझ्या पायातली चिप काढली, स्वत:च्या पायात बांधली आणि पळत सुटली. माझी शर्यत संपली होती, संघाची नव्हती. पुन्हा वाट बघणं.

शेवटच्या रेषेवर ती हसत आली. निकालात आमचा नंबर मधल्यांच्याही बराच मागे होता, पण वेळ एकच छापली होती, दोघांची मिळून.

लेकीने काढलेला माझा चिप काढतानाचा फोटो आईला सांगलीला पाठवला. तिचा फोन आला, "काय रे, भर रस्त्यात बायकोच्या पाया पडत होतास की काय?" मी घाईघाईने म्हणालो, "छे गं, चिप काढत होतो." फोन ठेवल्यावर वाटलं, एवढ्या घाईने नाही म्हणायची काही गरज नव्हती.

ऋण मान्य करायचं तर त्याला काही खर्च आला पाहिजे. नुसता लेख लिहून भागत नाही. बायकोने गेल्या वर्षी संध्याकाळच्या वर्गांना बसून सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स सुरू केलं आहे. मी फिरतीची कामं सोडली. त्यामुळे एक बढती हुकली आणि ती हुकल्याचं मला वाईट वाटलं, हेही कबूल करतो. मंगळवारी आणि गुरुवारी स्वयंपाक माझ्याकडे असतो. धाकट्याच्या मते माझ्या वरणाला चव नाही. त्याची आई रात्री साडेनवाला येते, ताट वाढून घेते आणि म्हणते, "बरं झालंय."

या 'बरं'चा अर्थ मी हल्ली लगेच लावत नाही. तिच्या समोर बसतो आणि आज वर्गात काय झालं ते विचारतो.