चेहऱ्याचे खाते

आमच्या मेव्हणीने पुण्यात चेहरा नि मान ताणून घेतली. नगरहून आम्ही बघायला गेलो, तर कानामागून ड्रेनची नळी आणि टोकाच्या डबीत लालसर पाणी! "कातडीखाली रक्त साचू नये म्हणून, एकदोन दिवसांत काढू," सिस्टर म्हणाल्या.

"ही वयाची खोटी नोंद!" माझ्यातला बँक कारकून पुटपुटला.

पण याच पुण्यात, टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजीला कपाळाच्या कातडीचे नवे नाक मिळाले होते. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापूनही आले. ते नाक खरे, तर ही मान खोटी कशी? कापल्याचे दुःख मोठे आणि आरशातले छोटे, हे ठरवणारा मी कोण?

आमच्या हिने माझ्या कलप लावलेल्या केसांकडे नुसते पाहिले. मी गप्प.

मत्सरालाही नळी लावता आली असती, तर माझी डबी आधी भरली असती.