उजव्या बरगड्यांखाली

बसा. भिंतीला टेकून बसलात तरी चालेल. खिडकीतून खारघरची टेकडी दिसत असेल, नाहीतर समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे. दिसू द्या. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या.

आता तळहात उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा. आत सुमारे दीड किलोचं यकृत आहे. जेवणातली साखर ते साठवतं, रात्री तीच थोडी थोडी रक्तात सोडतं, पित्त तयार करतं. हाताला मात्र काहीच जाणवत नाही. त्याच्यात चरबी साठली, सूज आली, तरी बहुधा दुखत नाही. या न दुखण्याजवळ थोडं थांबा.

मग जुना रिपोर्ट आठवा. 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असेल, हिपॅटायटिस बी असेल, सिऱ्होसिस असेल. भीती वाटली तर वाटू द्या. स्वतःला दोष मात्र देऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक अंगातही चरबी लपते. ही आपल्याकडच्या अनेक शरीरांची घडणच आहे.

एक संथ श्वास घ्या.

चरबीनं यकृताला सूज येते, सुजेतून व्रण होतात. पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. या घडामोडीत चुका साठत जातात आणि एखादी चूक कर्करोगाकडे वळते. यकृताचा आजार आधीच असेल, तर मधुमेह, सुटलेलं पोट, वाढलेलं बीपी यांनी ही शक्यता आणखी वाढते. मधुमेहामुळे ती साधारण दुप्पट होते. तरीही ही वाट वर्षानुवर्षांची असते, आणि बहुतेक लोक तिच्या टोकाला पोहोचत नाहीत.

खारघरमध्येच टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथं उपचारासाठी गाव सोडून आलेल्यांचं मनोमन भलं चिंता. त्यांच्याकडे पाहून घाबरायचं नाही. आपल्या हाती अजून वेळ आहे, तो वापरायचा.

त्या वेळात काय करता येतं, ते एकेक मनात आणा. वजन पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाला हे चारच किलो. सात ते दहा टक्क्यांनी सूजही ओसरते. कमरेचा घेर पुरुषांत नव्वद, बायकांत ऐंशी सेंटिमीटरच्या आत हवा. शुगर ताब्यात हवी. दारू बंदच हवी. सिऱ्होसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण लहान असतानाच सापडलेली गाठ पुष्कळदा बरी करता येते. हिपॅटायटिस बी असेल, तर अशी तपासणी किती दिवसांनी, हे डॉक्टरांना विचारा.

आता यातली एकच गोष्ट निवडा. स्टेशनवरून रिक्षा न करता चालत घरी येणं, रात्रीचं जेवण लवकर उरकणं, किंवा राहून गेलेली तपासणी. ती आज घरातल्या एका माणसाला सांगा, आणि तिचा दिवस ठरवूनच उठा.