मुक्या पिलाची वेदना आणि आपले ताट



नाताळ जवळ आला की वसईपासून गोव्यापर्यंतच्या अनेक ख्रिस्ती घरांत सोरपोतेल आणि विंदालू यांचे बेत ठरू लागतात. ईशान्येकडील नागालँड, मिझोराम, मेघालय या राज्यांतील आपल्या बांधवांच्या सणाच्या पंगतीतही डुकराच्या मांसाला मानाचे स्थान असते. आपल्या देशात ज्या समाजांचा या प्राण्याशी निकटचा संबंध आहे, त्यांत आपणही आहोत. म्हणूनच एक प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. नर पिलाला खच्ची करताना त्याला जी वेदना होते, ती कोणाच्या हितासाठी?

प्रथम ही क्रिया काय असते ते पाहू. पिलू घट्ट धरून त्याच्या अंडकोशावर चीर देतात, दोन्ही वृषण बाहेर ओढतात व नाळ कापून टाकतात. अनुभवी हाताला मिनिटभरही लागत नाही. जगात पुष्कळ ठिकाणी हे काम भूल न देताच केले जाते. पिलू त्या वेळी नेहमीच्या किंकाळीपेक्षा उंच स्वरात ओरडते. नंतरही काही काळ ते थरथरते, शेपूट सतत हलवते आणि भावंडांपासून दूर बसून राहते. रक्तातील तणावाचे संप्रेरक वाढलेले आढळते. जखम चिघळण्याचा धोका असतो, आणि एखाद्या पिलाला जन्मतःच अंतर्गळ असेल तर कापलेल्या जागेतून आतडे बाहेर येते.

मग हे करतात कशासाठी? ‘खच्ची केलेला प्राणी चांगला पोसतो,’ असे उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्यात अर्धे सत्य आहे. खच्ची केलेले डुक्कर अधिक खाते आणि त्याच्या अंगावर अधिक चरबी चढते. परंतु एक किलो वजन वाढवण्यासाठी त्याला खच्ची न केलेल्या नरापेक्षा अधिक खाद्य लागते, कारण मांस वाढवणारी संप्रेरके वृषणांतूनच येत असतात. आणि अगदी पहिल्या एकदोन दिवसांत ही क्रिया केली तर पिलाची वाढ काहीशी मागे पडते, असेही काही अभ्यासांत दिसून आले आहे. सारांश, वाढीचा लाभ हे या प्रथेचे खरे कारण नव्हे.

खरे कारण वासात आहे. वयात आलेल्या नराच्या चरबीत ॲण्ड्रोस्टेनोन व स्कॅटोल ही दोन द्रव्ये साठतात आणि शिजवताना मांसाला उग्र दर्प येतो. काही माणसांच्या नाकाला तर ॲण्ड्रोस्टेनोनचा वास मुळीच जाणवत नाही. तेव्हा पिलाची वेदना प्रामुख्याने आपल्या नाकासाठी व जिभेसाठी आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

तथापि न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. खच्ची न केलेले नर एकत्र ठेवले की ते एकमेकांशी झुंजतात, एकमेकांवर चढतात आणि त्यात लंगडे होतात, जखमी होतात. शांतपणे राहणाऱ्या खच्ची प्राण्याला या दुखापतींपासून संरक्षण मिळते. पण हा त्याचा लाभ खरा धरला, तरी त्यासाठी भूल न देता कापणे आवश्यक ठरत नाही.

‘एवढेसे पिलू, त्याला काय कळते?’ असे कोणी म्हणेल. हाच समज एके काळी मानवी अर्भकांविषयीही होता, आणि नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली दाखवून दिले की, ज्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक मिळाले, त्यांच्या शरीरावर कमी ताण आला व ती अधिक चांगली सावरली. ज्याला बोलता येत नाही त्याला वेदनाही नाही, असे समजणे आपल्या सोयीचे होते. ते खरे नव्हते.

युरोपात यावर बराच विचार झाला आहे. २००८ च्या युरोपीय निर्देशानुसार सात दिवसांनंतर खच्ची करायचे तर पशुवैद्याने भूल व दीर्घकाळ वेदनाशामक देणे बंधनकारक आहे. त्याआधी तसे बंधन नाही. २०१० मध्ये शेतकरी, मांस व्यावसायिक, पशुवैद्य व प्राणिमित्र संस्थांनी १ जानेवारी २०१८ पर्यंत ही शस्त्रक्रिया स्वेच्छेने थांबवण्याचे जाहीर केले, पण तो संकल्प तडीस गेला नाही. मात्र नॉर्वेने २००२ पासून, स्वित्झर्लंडने २०१० पासून व जर्मनीने २०२१ पासून भूल न देता खच्ची करण्यास बंदी केली. ब्रिटनमध्ये नर वयात येण्यापूर्वीच कापले जातात, त्यामुळे तेथे ही क्रिया फारशी होत नाही. १९९८ पासून ऑस्ट्रेलियात एक लसही उपलब्ध आहे. तिच्या दोन मात्रांनी वृषणांचे कार्य थंडावते व चाकूची गरज उरत नाही. म्हणजे मार्ग आहेत. अडचण खर्चाची व सवयीची आहे.

आपल्याकडील १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीने केलेल्या खच्चीकरणाला गुन्ह्यातून वगळले. पण कायद्याने सूट दिली म्हणून विवेकाचे काम संपत नाही. मोशेच्या नियमशास्त्राने वृषण ठेचलेला वा कापलेला पशू वेदीवर अर्पण करण्यास मनाई केली होती, आणि नीतिसूत्रांचा कर्ता नीतिमानाची ओळख सांगताना आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेणारा, अशी सांगतो. पेत्राला झालेल्या दर्शनानंतर आपण अन्नाच्या बंधनातून मुक्त झालो, हे खरे. परंतु खाण्याची मोकळीक म्हणजे बेपर्वाईची मोकळीक नव्हे.

वाचकहो, मांस सोडा असे मी तुम्हाला सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला लाभ होतो त्यानेच भार उचलावा. दर्प नको असेल तो आपल्याला. मग भुलेचा, वेदनाशामकाचा किंवा लसीचा खर्चही आपण सोसला पाहिजे, तो पिलाच्या देहातून वसूल करू नये. गरीब पाळणाऱ्यावर दोष टाकून आपली सुटका होणार नाही, कारण तो आपल्याच मागणीप्रमाणे व आपण देऊ त्या भावातच काम करतो. येत्या सणाला मांस घ्याल तेव्हा पाळणाऱ्याला विचारा की पिलांना खच्ची कसे केले, भूल दिली होती का. दिली असेल तर चार रुपये अधिक द्या. जो स्वतः डुकरे पाळतो त्याने जवळच्या पशुवैद्याला बोलवावे. जेवणापूर्वी आपण अन्नासाठी देवाचे आभार मानतो. त्या अन्नासाठी कोणी काय सोसले हे जाणून घेतले, तर ते आभार अधिक खरे होतील.