काटवलाची वेल आणि मंडळी

वाचन : १ करिंथ १२:१४-२७



श्रावणांत अमरावती व अकोला येथील बाजारांत काटवलें येतात. हें पीक बहुधा कोणी पेरीत नाहीं. मेळघाटाच्या रानांत व आपल्या शेतांच्या कुंपणांवर तें देवाच्या हातचें वाढतें. जमिनींतील कंद पावसाबरोबर फुटतो आणि वेल झुडपांवर चढते.

या वेलींत नर व मादी निरनिराळ्या असतात. मादी फुलाखालीं इवलेंसें काटेरी फळ आरंभापासून दिसतें. नर वेलीला मात्र फुलेंच येतात, फळ कधींच नाहीं. फुलें सायंकाळीं उमलतात, आणि रात्रीं उडणारे पतंग नर फुलांतील पराग मादी फुलांपर्यंत पोंचवितात. पराग न मिळाल्यास कोवळें फळ गळून पडतें. यास्तव जे हल्लीं ही वेल मुद्दाम लावितात, ते दहा मादी वेलींमागें एक तरी नर वेल राखितात.

हें ज्ञान आम्हांस उशिरां झालें. एका बंधूच्या कुंपणावर तीन वर्षें निष्फळ राहिलेली वेल पाहून ती खणून टाकण्याचा सल्ला आम्हींच दिला. अंजिराच्या झाडाचा दाखला आम्हांस पाठ होता, पण त्यांतील माळ्याचा धीर आमच्या अंगीं नव्हता. पुढील पावसाळ्यांत शेजारच्या वेली फुलांनीं भरल्या, परंतु एकही काटवल हातीं लागलें नाहीं.

त्याच वर्षीं सभासदांची यादी तपासतांना एका वृद्ध विधवेच्या नांवावर रेघ ओढण्यास आम्ही सिद्ध झालों होतों. वर्गणी नाहीं, उपासनेस येणें क्वचित्. तेव्हां एका तरुणानें उठून सांगितलें कीं, आपली आई आजारी असतां हीच बाई रात्रभर तिच्या उशाशीं बसून प्रार्थना करी, व ती ऐकूनच आपण प्रभूकडे वळलों. आमची लेखणी थांबली. फळ त्या तरुणाच्या जीवनांत दिसत होतें. पराग कोठून आला, हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.

मग वेलीला कीड नसते काय? असते. फळमाशी कोवळ्या फळाला भोंक पाडून आंत अंडीं घालते. फळ बाहेरून बरें दिसतें, पण अळी आंतून गर खाते. पापही असेंच आंतून पोखरतें, म्हणून त्याकडे डोळेझांक करूं नये. शहाणा शेतकरी किडकें फळ वेंचून खोल पुरतो, कारण अळी मातींत शिरून पुन्हां माशी होऊन उठते. परंतु जो घाईनें साऱ्या वेलीवर विष फवारितो, तो माशीबरोबर रात्रीं सेवा करणाऱ्या पतंगालाही मारितो. पाप्याला एकांतीं प्रीतीनें सावध करणें हें पहिलें काम. चावडीवर निंदा करणें हें दुसरें. आपण कोणतें करितों?

म्हणून, प्रियांनो, कोणा भावाला अथवा बहिणीला निरुपयोगी म्हणण्यापूर्वीं शरीराच्या अशक्त अवयवांविषयीं पौलानें काय लिहिलें आहे, तें पुन्हां वाचूं या. आपणांस दिवसाचें तेवढें दिसतें. रात्रींची सेवा आपला पिता पाहतो. तो आम्हां पाळकांस धीर देवो, व तुम्हां सर्वांस फलद्रूप करो. आमेन.