रिकामे ताट

मराठी पुस्तकाचे पहिले पान उलटले की 'सर्व हक्क स्वाधीन' असे तीन शब्द बहुधा भेटतात. आम्ही शिक्षक मंडळी ते वाचतो आणि पुढच्याच तासाला त्यातल्या एका गोष्टीच्या चाळीस झेरॉक्स काढून वर्गात वाटतो. ही चोरी म्हणायची का?

कायदा म्हणतो, नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अपवादांची लांबलचक यादी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेत घातलेला उतारा, यांना तिथे अभय आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाटकसुद्धा लेखकाला न विचारता करता येते. मात्र समोर बसणारे शिक्षक, मुले, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच हवेत. (पहिल्या रांगेतल्या कोचावरचे पाहुणे यांत बसतात की नाही, हे ज्या त्या मुख्याध्यापकाने पाहावे!)

२०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाला आणि तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानाला कोर्टात खेचले. अभ्यासक्रमातली निवडक प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकली जात होती. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की शिकवण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढे घेता येईल. पुढल्याच वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तरीही मला हा निकाल न्याय्य वाटला. ज्या मुलाच्या खिशात पुस्तकापुरते पैसे नाहीत, त्याच्यापासून पुस्तक दडवून लेखकाला काय मिळणार? उलट एक वाचक मात्र गमावणार.

पण कायद्याने दोषी नसणे आणि कुणाचे देणे नसणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. शेजारून फराळाचे ताट आले तर आपल्या घरची बाई ते रिकामे परत धाडत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालते. शेजारीण काही दावा लावणार नसते! मग लेखकाचे ताट आपण कसे परत करतो? कित्येकदा झेरॉक्सच्या कागदावर गोष्ट असते, खाली पाच प्रश्न असतात, आणि नाव तेवढे कापलेले असते. जागा वाचते म्हणे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक फळ्यावर कविता उतरवतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जिच्या दाराशी वातानुकूलित बसगाड्या उभ्या असतात, ती शाळा एका प्रतीवर वर्षानुवर्षे शेकडो मुलांचे भागवते, आणि तिच्या ग्रंथालयातले कपाट तीच ती जुनी पुस्तके सांभाळत उभे असते, तेव्हा ५२ व्या कलमाची ढाल मला ओशाळवाणी वाटते. गरिबाची सवलत श्रीमंताने वापरू नये असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते लिहावे लागू नये, एवढीच अपेक्षा.

लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी, कुणाला एक पैसा देणे लागत नाही. तरी ती वाचून दाखवताना, ही साने गुरुजींची, असे कोणताही शिक्षक आपण होऊन सांगतो. गुरुजींना मिळते ते आज लिहिणाऱ्या, अजून दुकानाचे बिल भरणाऱ्या लेखकाला का मिळू नये, हे मात्र मला अद्याप उमगलेले नाही.