आधी पेज, मग आहुती

कर्मांचा क्रम शास्त्रवचनाने ठरतो, कर्त्याच्या इच्छेने ठरतो की कर्माच्याच गरजेतून निघतो, या प्रश्नासाठी पूर्वमीमांसेने जैमिनिसूत्रांचा अख्खा पाचवा अध्याय खर्ची घातला आहे. पाठक्रमात, म्हणजे वचने ज्या ओळीने येतात त्या ओळीत, अग्निहोत्राची आहुती आधी येते आणि यवागू, म्हणजे पातळ पेज, शिजवणे नंतर. परंतु आहुती त्या पेजेचीच द्यायची असल्याने मीमांसक अर्थक्रम, म्हणजे प्रयोजनाने ठरणारा क्रम, बलवत्तर मानतात.

हजारो प्रोसेसर एकाच वेळी राबवणाऱ्या समांतर संगणकालाही, आधी ठरलेल्या ओळीपेक्षा कामाची गरज मोठी, हाच न्याय लागू पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ सुरू झाला, तो अशाच यंत्रांपैकी. हवामानाच्या गणितात वातावरणाचे चौकोन पाडून ते प्रोसेसरांना वाटतात. पण चौकोन सारखे असले म्हणून काम सारखे नसते, कारण पावसाळ्यात सह्याद्रीवरच्या ढगांचा हिशेब रेंगाळतो, तर धुळ्याकडचा कोरडा चौकोन लवकर आटोपतो आणि त्याचा प्रोसेसर रिकामा बसतो. वाटणी आधीच कायम न करता, जो मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा देण्याच्या रीतीला रनटाइम शेड्युलिंग म्हणतात.

त्याच धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी ही रीत फड पद्धतीने फार पूर्वीच ओळखली होती. फड म्हणजे अनेकांच्या शेतांचा, एकाच पिकाखालचा सलग पट्टा. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे हंगामाआधी ठरते, पण पाणी देणे मालकाच्या हाती नसून पाटकऱ्याच्या हाती असते, आणि एक दार मातीने बुजवून पुढचे फोडण्याची वेळ तो वाफा भरलेला पाहूनच साधतो.

जेथे वचनही नाही आणि प्रयोजनही नाही, तेथे मीमांसक प्रवृत्तिक्रम सांगतात: अनेक वस्तूंवर पहिला संस्कार ज्या ओळीने केला, त्याच ओळीने पुढचे करावेत, पहिली निवड मोकळी, नंतरची बांधलेली. हा आग्रह निव्वळ कर्मठपणाचा वाटतो खरा, पण यंत्रात संख्या ठरावीक अंकांपर्यंतच मावते, त्यामुळे एकावर सोळा शून्ये असलेल्या संख्येत १ मिळवून मग तीच संख्या वजा केली, तर नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या हिशेबात उत्तर ० येते. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला, तर १. म्हणूनच बेरजांची ओळ प्रोसेसरांच्या सवडीवर सोडली की तेच गणित दुसऱ्यांदा अंकाअंकाने तसेच येईल याची खात्री राहत नाही, आणि ती हवी असेल तेथे गणिती थोडा वेग सोडून ठरलेली ओळ पुन्हा पत्करतात.