काय हलवलं?

लॉकडाऊनमध्ये पुण्यातले पोटमाळे साफ झाले आणि तिशी-पस्तिशीतल्या पुष्कळ लोकांना आपलं बालपण खोक्यात सापडलं. टीव्हीला जोडल्यावर कळलं, प्लेस्टेशन डिस्क वाचत नाही. लाल पडद्यावर एकच सूचना यायची, प्लेस्टेशनची डिस्क घाला म्हणून, आणि डिस्क तर आत घातलेलीच असायची.

अशी मशीनं तापकीर गल्लीतल्या एका बोळात, जिन्याखालच्या दुकानात तात्यांकडे येऊ लागली. तात्यांनी आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, मग व्हीसीआर, मग सीडी प्लेयर. एखादी वस्तू लोकांच्या घरातून हद्दपार व्हायला लागली की तात्यांच्या फळीवर तिची गर्दी व्हायची. आता पाळी प्लेस्टेशन टूची होती. हे मशीन जपानमध्ये 4 मार्च 2000 ला आलं, 2013 च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं, आणि साडेपंधरा कोटींच्या वर नग खपले. आपल्याकडे ते चांगलं उशिरापर्यंत चाललं. कबड्डी आणि विटीदांडूचा ‘देसी अड्डा’ त्यावर 2009 साली निघाला. पण साडेपंधरा कोटी मशीनं म्हणजे तेवढीच लेझर युनिटं, आणि लेझर ही झिजणारी चीज. नवीन बनत नाही तिथं जुन्यालाच जपावं लागतं.

दुकानात तात्यांच्या हाताखाली बारक्या होता. आयटीआय करून आलेला, हात चलाख, डोळा त्याहून चलाख. तात्या एक मशीन करेपर्यंत याची तीन व्हायची. त्याचं तात्यांशी एकाच गोष्टीवरून वाजायचं, ती म्हणजे वही. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीत चार रकाने होते: गिऱ्हाईक, तक्रार, आधी काय होतं, काय हलवलं. चौथ्या रकान्यात तात्यांच्या बारीक अक्षरात ‘पांढरं चाक, डावीकडे दोन दाते’ असलं काहीतरी असायचं. बहुतेक ओळींच्या शेवटी असायचं, ‘प्रीसेटला हात नाही’.

“गिऱ्हाईक पैसे मशीनचे देतं तात्या, वहीचे नाही,” बारक्या म्हणायचा. तात्या वही त्याच्यापुढे सरकवायचे.

तात्यांची पद्धत बघणाऱ्याला कंटाळा आणणारी होती. मशीन आलं की ते स्क्रू-ड्रायव्हर उचलायचे नाहीत, बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचे. त्यात तीन डिस्क. एक काळ्या बुडाची, पहिल्या प्लेस्टेशनची. दुसरी निळ्या बुडाची, प्लेस्टेशन टूचीच पण सीडी. तिसरी चंदेरी, डीव्हीडी. सीडी वाचणारा लेझर 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. डीव्हीडीचा 650 चा, लाल. काळी आणि निळी चालली, चंदेरी अडली, तर संशय लाल लेझरवर. तिन्ही अडल्या तर आधी काच पुसायची, डिस्कला वरून धरून ठेवणारी चुंबकी चकती जागेवर आहे का ते पाहायचं. आणि खेळ नीट सुरू होऊन मध्येच अडकत असेल तर तात्या काचेकडे बघायचेही नाहीत, आधी रुळाकडे बघायचे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. लेन्स ज्या दांड्यांवरून सरकते त्यांवरचं ग्रीस वाळलं की कडेपर्यंत पोचायच्या आतच ती अडखळते. एवढं सगळं कळायला तीन डिस्क आणि गिऱ्हाइकाला विचारलेले दोन प्रश्न पुरायचे. मशीन त्यानंतर उघडायचं.

उघडल्यावरही क्रम ठरलेला. पुसणं, झटकणं, ग्रीस, हे आधी. त्यानं कशाचं काही बिघडत नाही. रुळाचा कल ठरवणारं पांढरं दातेरी चाक त्यानंतर, तेही मार्करनं खूण केल्याशिवाय नाही. सगळ्यात शेवटी प्रीसेट. लेझर युनिटवर बसवलेला हा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा एका बाजूला फिरवला की लेझरला मिळणारा करंट वाढतो. प्रत्येक डायोड वेगळा, म्हणून कारखान्यात प्रत्येक युनिटचा प्रीसेट वेगळा लावलेला असतो आणि तो हलू नये म्हणून पुष्कळदा वर वार्निशचा ठिपका देतात. ठिपका फुटला आणि मूळ आकडा कुणी लिहून ठेवला नसेल, तर तो आकडा गेला. कुठल्याही पुस्तकात तो सापडणार नाही, कारण तो त्या एका युनिटचाच होता.

बारक्याला हे सगळं पाठ होतं.

2020 आणि 2021 ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. “दोन वर्षं पांडुरंगाला बसनं निरोप धाडला,” असं तात्या म्हणायचे. 2022 ला पालखी पुन्हा पायी निघाली, तेव्हा त्यांना कोण थांबवणार! भवानी पेठेतल्या मुक्कामावर ते दिंडीत सामील झाले. जाताना बारक्याला एवढंच म्हणाले, “जमेल ते कर. अडलं तर ठेव, मी आल्यावर बघू. आणि वही भर.”

पहिले काही दिवस बारक्यानं डबा उघडला, डिस्का लावल्या, वही भरली. मग एक घाईतलं गिऱ्हाईक आलं. चंदेरी डिस्क अडत होती, काच पुसूनही अडत होती, आणि गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं होतं. बारक्यानं बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला, प्रीसेटवरचा ठिपका फोडला आणि किंचित फिरवलं. डिस्क गपकन वाचली गेली. गिऱ्हाइकानं वर पन्नास रुपये जास्त ठेवले.

दुसऱ्या मशीनला त्यानं काच पुसली आणि लगेच प्रीसेट फिरवला. तिसऱ्याला काचही पुसली नाही. चालत होतं ना! डबा फळीवरच राहिला. पाच मिनिटांत मशीन हातात मिळतं म्हटल्यावर एकाचं ऐकून दुसरा येऊ लागला, गल्ला भरू लागला. तात्यांच्या काळात जे मशीन आठवडाभर पडून राहिलं असतं ते संध्याकाळी घरी जात होतं. खरं सांगायचं तर या दिवसांत बारक्याला कुणी आळशी किंवा लबाड म्हटलं असतं तर तो अन्याय झाला असता. तो सकाळी नऊला शटर उघडत होता आणि प्रत्येक मशीन चालू करून, दाखवून देत होता. वहीत मात्र आधी चौथा रकाना रिकामा राहिला, मग तिसरा, मग नुसती नावं उरली.

आषाढी करून तात्या परतले. बारक्याच्या कपाळाला बुक्का लावला, हातावर चुरमुरे ठेवले. बारक्यानं गल्ल्याचा ड्रॉवर पुढे केला. तात्यांनी तो न बघता वही उघडली आणि पानं उलटत राहिले.

“प्रीसेट फिरवलेत?”

“थोडेसे.”

“थोडेसे म्हणजे किती?”

याचं उत्तर बारक्याकडे नव्हतं. इथं एखाद्या गुरूनं दोन कडक वाक्यं सुनावली असती आणि शिष्यानं मान खाली घातली असती. तात्या काहीच बोलले नाहीत. जी मशीनं बोलणार होती ती अजून गिऱ्हाइकांच्या घरी होती.

श्रावणात पहिलं परत आलं. गिऱ्हाईक भला माणूस, आवाज न चढवता म्हणाला, “आधी निदान सुरू तरी व्हायचं हो. आता काहीच घेत नाही.” त्याच आठवड्यात आणखी एक आलं. गणपतीपर्यंत फळीवर ओळ लागली.

तात्यांनी त्यांतलं पहिलं मशीन उघडलं, वरचं झाकण काढलं आणि दुकानातला दिवा घालवला. “वरून डोकावू नकोस, डोळे जातील. बाजूनं बघ.” ट्रे आत गेला. लेन्स वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. फोकस शोधताना ती नेहमी अशीच वर-खाली होते. पण कडेनं जी लाल तिरीप दिसायला हवी ती दिसेना. मग तात्यांनी स्वतःचं जुनं मशीन तसंच उघडून शेजारी लावलं. तिथं लेन्स वर येताच तिच्या कडेला तांबडा ठिणगीएवढा ठिपका चमकला आणि डिस्क फिरू लागली. बारक्यानं दोन्ही मशीनं आळीपाळीनं बघितली. समजावून सांगायची गरज नव्हती.

तात्यांनी दिवा लावला. “याची तक्रार काय होती?”

वहीत नव्हतं. बारक्याला मात्र आठवत होतं. “क्रिकेट 07 टॉसपर्यंत चालतं, मग अडकतं.”

“काळी चालत होती? निळी?”

“विचारलं नव्हतं.”

तात्यांनी लेन्सच्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि ते बारक्यासमोर धरलं. पिवळट, चिकट, वाळून पापुद्रे धरलेलं ग्रीस. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यांनी दोन्ही दांडे पुसले, पांढऱ्या ग्रीसचा एक टिपका लावला, लेन्स बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिली. अलगद गेली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मूळ बिघाड गेला होता, आणि मशीन बंदच होतं.

“म्हातारा बैल चिखलात रुतला होता,” तात्या म्हणाले. “चिखल उपसायचा सोडून तू पराणी टोचलीस. जीव खाऊन निघाला बिचारा, चार पावलं गेला.”

बारक्या थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याच्यानं राहवलं नाही. “पण तात्या, चाललं होतं की. माझ्यासमोर चाललं होतं.”

“चाललं होतं म्हणूनच पुढच्या मशीनला तू काही विचारलं नाहीस. पहिल्याच दिवशी धूर निघाला असता तर वाचला असतास लेका.”

भरपाई कशी करायची यावर मात्र तात्यांनी वाद ठेवला नाही. पैसे गल्ल्यातून जाणार, लेन्स बारक्यानं शोधायच्या. बाजारात मिळणारी नवी युनिटं नकली. त्यांतली काही बरी निघतात, काही डब्यातून काढल्यापासूनच आंधळी. म्हणून बारक्या दर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागला. फुटक्या मिक्सरच्या आणि बिनझाकणाच्या कुकरच्या ढिगांतून तो मेलेली प्लेस्टेशनं उपसायचा. पॉवर बोर्ड जळलेलं किंवा पाणी शिरलेलं मशीन बघितलं की त्याला आनंद व्हायचा, कारण ते दुसऱ्याच कारणानं मेलेलं असायचं आणि लेझरला कुणी छळलेलं नसण्याची शक्यता असायची. विकणारा म्हणायचा, “चालू-बंदची गॅरंटी नाही.” बारक्या मोबाईलची बॅटरी लावून आत बघायचा. त्याला चालू-बंद नको होतं, वार्निशचा ठिपका हवा होता. पुष्कळ मशीनांत तो आधीच फुटलेला दिसायचा. त्याच्यासारखे चलाख हात शहरात बरेच होते.

जे ठिपके शाबूत सापडले त्यांतून काही गिऱ्हाइकांची मशीनं उभी राहिली. सगळी नाही. एक बाई आपलं मशीन पिशवीत घालून घेऊन गेल्या, काही न बोलता. त्यांच्याबद्दल वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं. बाकीचं प्रत्येक युनिट बसवण्याआधी त्याचा प्रीसेट मल्टिमीटरनं मोजून बारक्यानं आकडा टिपला. आता त्याची दिवसाला एक-दोन मशीनं व्हायला लागली होती.

दिवाळीच्या तोंडावर गर्दीच्या वेळी एकजण आला. मशीन काउंटरवर ठेवत म्हणाला, “माझ्या मित्राचं तुम्ही पाच मिनिटांत केलं होतंत. तेच जरा फिरवून द्या की.”

“डिस्का आणल्यात?”

“नाही बुवा. डिस्का कशाला?”

बारक्यानं वहीत त्याचं नाव घातलं आणि फळीवरचा डबा काढला. “मध्येच अडकतं, की सुरूच होत नाही?”

“ते काय मी बघत बसलो नाही.”

“मग माझ्या तीन लावून बघतो. तुमच्या घरातली अडणारी एक आणि चालणारी एक, दोन्ही संध्याकाळी घेऊन या. तोवर मी उघडत नाही.”

“अहो, समोरचा लगेच करून देतो.”

“देत असेल.”

त्या माणसानं मशीन उचललं आणि तो बोळ ओलांडून समोरच्या दुकानात शिरला. तिथून स्क्रू काढल्याचा आवाज लगेच यायला लागला. तात्या स्टुलावर बसून एका जुन्या डेकला डाग देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तात्या, नाव खोडू का?” बारक्यानं विचारलं.

“कशाला खोडतोस. पुढचे रकाने मोकळे ठेव. महिन्याभरात येईल तो.”